सरणाचा अर्थ

अंजनाबाईनं दारात हात आडवा धरला आणि वंदना म्हणायला विहारातून आलेल्या माणसांना परत पाठवलं. ही दुसरी खेप. आत खाटेवर तिची एकुलती लेक प्रेमिला क्षयानं झिजत चालली होती. दवाखान्यानं घरी न्या म्हटलं होतं. पोरगी आईकडं एकच मागत होती, मले वंदना ऐकव.

शेजारची शोभाताई तर तोंडावर म्हणाली, म्हातारी जुन्या देवांकडं वळली वाटते.

तसं काही नव्हतं. दीक्षा घेतल्यापासून अंजनाबाई दर पौर्णिमेला विहारात पुढं बसे. पाली तिला कळत नसे. 'बुद्धं सरणं गच्छामि' यातलं 'सरणं' तेवढं कळे. सरण तिनं पाहिलं होतं, नवऱ्याचं, ओल्या लाकडांचं, विझून विझून पेटलेलं. त्यावरून तिनं अर्थ लावला होता की बुद्धही सरणावर गेले, आपल्यालाही जायचं आहे. खरं बोलणारं गाणं म्हणून ते तिला आवडायचंही. फक्त लेकीच्या उशाशी ते नको होतं.

शेवटी वंदना सांगणारे आनंदराव एकटेच आले. अडवायचं कारण विचारलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं. त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी ते आवरलं.

"माय, ते लाकडाचं सरण नोहे. सरणं म्हणजे आसरा. मी आसऱ्याले जातो, असं हाय ते."

"मंग इतके वर्षं कोणी सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं काहून नाही वं?"

तिनं दारातला हात काढला. आनंदराव खाटेजवळ बसून वंदना म्हणाले. पण प्रेमिलानं सकाळपासून डोळे उघडले नव्हते. अंजनाबाई तिच्या कानाशी वाकून सांगत राहिली, आसरा म्हणते वं पोरी, आसरा. पोरीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी घाटावर तेच सूर निघाले. बाया घाटावर जात नसत, तरी ती गेली. या खेपेला लाकडं वाळलेली होती, जाळ लगेच धरला. वंदना संपली तसे आनंदराव तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"तुमचाच अर्थ खरा असन, भाऊ," ती म्हणाली. "पण मले अजून लाकडंच ऐकू येऊन राहिली."