बंद बन

मनसाराम पहाटे गेला, आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत गावापुढे एकच प्रश्न उभा राहिला: तिरडीला बांबू कुठून आणायचे?

खरं तर गावाच्या पाठीशीच, नदीच्या वाटेला लागून, बांबूचं बन होतं. भर दुपारी आत शिरलं तरी डोळे निवावेत इतकं दाट. पण ते बन बंद होतं, आणि बंद ठेवणारा माणूस ओसरीवर पांढऱ्या चादरीखाली निजला होता.

त्याच्या उशाशी त्याची लेक कुंता बसली होती. बापाचा ताप हटत नाही असा निरोप आला तशी ती मूल गावाहून, सासरहून, धावत आली होती. आता रडून झालं होतं. अंगणातल्या पुरुषांची कुजबुज तिला ऐकू येत होती आणि ती कुठे जाऊन थांबणार हेही तिला कळत होतं.

मनसाराम कागदाच्या कंपनीचा जमादार, कटाईवर नजर ठेवणारा. कंपनीने सरकारकडून बांबूसाठी जंगल ठेक्याने घेतलं, तेव्हा मोठ्या साहेबाने एक नियम काढला होता. जंगल टिकलं तर कारखाना टिकेल. म्हणून एकदा कटाई झाली की ते बन चार वर्षं बंद, उघड्या बनातही यंदा उगवलेल्या कोवळ्या बांबूला हात लावायचा नाही, आणि तोडायचं ते बुंध्याशी वीतभर सोडून. कंपनीच्या बांबू-डेपोत हिशेब ठेवणाऱ्या मुन्शीने तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि खिळ्याला टांगला. त्याच्यापुरता नियम तिथेच संपला.

तो जंगलात नेला मनसारामने. कटाईवाल्यांना गठ्ठे भरायची घाई. बांबूच्या बेटाच्या, म्हणजे झुबक्याच्या, कडेचे कोवळे आयते हाताशी येत. आतले जुने, एकमेकांत गुंतलेले बांबू ओढून काढताना अंग सोलून निघे. मनसाराम त्यांच्यामागून खुंट बघत फिरे आणि कोवळा बांबू दिसला की अख्खा गठ्ठा बाजूला काढी. आधी त्याने शिव्या खाल्ल्या. मग हळूहळू माणसं आपणहून बेटाच्या पोटात शिरू लागली. मनसारामची एकच पोरगी घरात, बाकीच्या साऱ्या बनात, असं गाव हसून म्हणे. तोही हसे. त्याच्या घराचे वासे कुजले होते, पण बंद बनातून त्याने स्वतःसाठी कधी काडी आणली नाही.

दोन उन्हाळ्यांमागे लटारूची म्हातारी माय, गोकुळा, गेली. लटारू हात जोडून याच अंगणात उभा राहिला. दोन बांबू, एवढंच त्याचं मागणं. उघडी बनं तेव्हाही, आजच्यासारखीच, घाटाच्या पलीकडे. बैलगाडीने जाऊन यायचं तर दिवस मोडे. गावात कोणाच्या परसात बांबू नव्हता. बन पाठीशी असताना लावतो कोण? मनसाराम नाही म्हणाला. वैशाखाचं ऊन होतं. सांजेला गाडी परत आली तेव्हा गोकुळाजवळ बसणं कोणाला सोसवत नव्हतं.

कुंता तेव्हा माहेरीच होती. ती बापाशी भांडली. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की मरण कोणाच्याही घरी येतं, त्यातलं लहान कोणतं आणि मोठं कोणतं हे जमादाराने ठरवू नये. एकाला दिलं की बन सगळ्यांचं झालं. त्या दिवसापासून लटारूने या घराचं पाणी घेतलं नाही.

आज तो आला होता. कुंपणाला टेकून, खाली मान घालून बसला होता.

मनसारामचा धाकटा भाऊ देवाजी शेवटी उठला. कुऱ्हाड खांद्यावर टाकत म्हणाला, "मी आनतो दोन. कोन काय म्हनते तं पाहू."

कुंता ओसरीच्या कडेशी आली. "काका, गाडी जुंपा. घाटापल्याडूनच आना."

"तुले समजून राह्यलं का, तू काय बोलते? सांज होईन."

"होऊ द्या."

नजरा आपोआप लटारूकडे वळल्या. तो जमिनीकडे पाहतच म्हणाला, "माह्या मायले सांज झाली होती."

तो बाजूने बोलला की विरुद्ध, हे कोणालाच कळलं नाही. कुंतालाही नाही.

देवाजी गाडीकडे वळणार, तोच डेपोतला मुन्शी सायकलवरून आला. मनसारामच्या पायांशी फुलं ठेवून त्याने डोळे पुसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेबांनी सांगून धाडलं, लागन तेवढा बांबू या बनातून घ्या. कंपनीच्या मान्साले कंपनीचा मान. तसंही बन आता उघडायचंच आहे, कुंताबाई. मनसारामच्याच नावानं उघडलं म्हना."

बनाची चार वर्षं अजून भरली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात कारखान्याला माल कमी पडला, तेव्हा हाच मुन्शी हे बन मुदतीआधी उघडायला माणसं घेऊन आला होता. मनसारामने डेपोतला कागद खिळ्यावरून काढून त्याच्यापुढे धरला होता, साहेबाची सही वर करून. मुन्शी तेव्हा तसाच परतला होता. आज तो दुःखाने आला होता, त्यात खोट नव्हती. पण हातात परवानगी होती, आणि अडवणारा चादरीखाली होता.

"आमाले परवानगी नको, मुन्शीजी," ती म्हणाली. "गाडी जाऊन राह्यली."

मुन्शी सावलीत जाऊन बसला. जणू त्याला ठाऊक होतं की ऊन त्याचं काम करील.

गाडी काही निघेना. एक बैल चरायला गेला होता, तो सापडेना. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं, मग पायरी चढलं. बायका पदर नाकाशी धरू लागल्या. कुंता पंख्याने वारा घालत होती, माश्या हाकत होती. बापाचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत परका होत चालला होता. कोणी तिला दोष देत नव्हतं. सगळे नुसते वाट बघत होते, आणि ते दोषापेक्षा जड होतं.

तिची माय, रुखमाबाई, सकाळपासून नवऱ्याच्या पायांशी बसून होती. नवऱ्याच्या हट्टापायी गावाचे टोमणे तिने वर्षानुवर्षं पाणवठ्यावर ऐकले होते, आणि घरी येऊन त्यातला एकही सांगितला नव्हता. तिने कुंताचा पंखा धरलेला हात हलकेच धरला.

"अजून किती तापवते त्याले, बाई?"

कुंताने पंखा खाली ठेवला. मग ती देवाजीला म्हणाली, "जा. दोनच आना. आतले, पिकलेले. वीतभर सोडून तोडा. कोवळ्याले..." देवाजी मान हलवून केव्हाच कुंपणाबाहेर गेला होता.

मुन्शी उठला, सायकल घेतली, नमस्कार केला. लटारूही उठून गेला. बरं झालं, असं कुंताला वाटलं. त्याच्याकडे पाहणं तिला जमत नव्हतं.

बांबू लगेच आले. हिरवे, गुळगुळीत, पेरांना अजून पापुद्रे चिकटलेले. यंदाचे. बेटाच्या कडेचे, हाताशी आलेले. पुरुषांनी आडव्या काड्या बांधल्या, दोर आवळला, गवत अंथरलं. कुंताखेरीज कोणाच्या ते ध्यानात आलं नाही, आणि ती कोणाला काय सांगणार होती? बापाला त्यांवरच निजवलं.

बायका गावाच्या शिवेपर्यंत जातात. नदीची वाट तिथूनच बनाच्या कडेने वळते. तिरडी वळणाशी पोचली तेव्हा बनातून कुऱ्हाडींचा आवाज येत होता. एकीचा नव्हे. पावसाआधी घरं शाकारायची होती, कुंपणं घालायची होती. मुन्शीने परवानगी दिल्याचं घराघरांत पोचलं होतं. माणसं खांद्यावर बांबू घेऊन बाहेर येत होती. तिरडी दिसली तशी ती वाटेच्या कडेला सरली, मोकळा हात कपाळाला लावून उभी राहिली.

त्यांत लटारू होता. त्याने आपला भारा बायकांच्या मागे वाटेवर टाकला, पुढे आला, आणि देवाजीच्या मागे तिरडीला खांदा दिला. कोणाला काही न विचारता. कुंता बघत राहिली. तिरडी झाडांआड जाईपर्यंत त्याने खांदा बदलला नाही.

बायका तिला घरी चल म्हणाल्या. लटारूचा भारा वाटेत आडवा पडला होता. साऱ्या बांबूंना पापुद्रे होते. तो ओलांडल्याशिवाय परत फिरता येत नव्हतं. रुखमाबाई लुगडं सावरून ओलांडून गेली. मग कुंता गेली. मागे बनातला आवाज चालूच होता.