सहाव्या बोटाची जागा

मी एक जुना फर्मा आहे, मित्रांनो. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर कातडं ताणून बूट शिवतात. बूट गावभर हिंडतो. फर्मा दुकानातच राहतो आणि त्या पावलाची वाट बघतो.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने एका बेकरीवाल्यासाठी घडवलं. त्याच्या डाव्या पावलाला करंगळीशेजारी आणखी एक बोट होतं, सहावं. कारागिराने माझ्या कडेला कातड्याचे तुकडे एकावर एक बसवले, बारीक खिळे ठोकले आणि घासून त्या बोटाएवढा उंचवटा केला. बेकरीवाला हळूच म्हणाला, "हे आपल्या दोघांतच राहू द्या."

"तिघांत," कारागीर म्हणाला. "हा ठोकळाही ऐकतोय की."

म्हणून माझ्यावर नाव घातलं नाही. तळाशी फक्त एक पाव कोरला, वर तीन तिरप्या चिरा. त्या बेकरीचे पाव तसेच असत.

जुने बूट झिजले की बेकरीवाला यायचा, मोजा काढून पाऊल माझ्याशेजारी ठेवायचा. त्याला पिठाचा वास यायचा, भट्टीची ऊब असायची. घरी तो कधी मोजे काढत नसे. पोरीने विचारलं तर सांगायचा, फरशी गार लागते. दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस!

मग तो यायचा थांबला. पुढे कारागीरही गेला. त्याच्या मुलाने मला साध्या मापाचा करायला कानस लावली. खिळ्यांवर घासून कानशीचेच दात गेले. वैतागून त्याने मला दार आपटू नये म्हणून दाराशी टाकलं. कितीतरी पावलं समोरून गेली. त्यांतलं एकही माझं नव्हतं.

एका दुपारी एक बाई शाळकरी मुलीला घेऊन आली. पोरीचा डावा बूट नेहमी बाहेरच्या कडेला फाटतो, असं ती माफी मागितल्यासारखं सांगत होती. डॉक्टरांनी तिचं सहावं बोट ठेवा किंवा काढा, दोन्ही चालेल म्हटलं होतं. पण सासूबाईंचा एकच धोशा होता: आमच्यात कुणाला नाही, तुमच्यात कुणाला नाही, मग पोटुशी असताना तू केलंस तरी काय? त्यापायी सुट्टीत बोट काढायचं ठरलं होतं. मुलीला ते नको होतं.

कंटाळून ती दाराशी बसली, मोजा काढला आणि सहज पाऊल माझ्याशेजारी ठेवलं. बोट उंचवट्याला टेकलं. काय सांगू, मित्रांनो! लाकूड असून मला ऊब लागली.

"आई, ह्याला पण आहे."

आईने मला उचललं, उलटं केलं. तीन चिरांचा पाव तिने लगेच ओळखला. "हा माझ्या बाबांचा आहे," ती म्हणाली. "शेवटपर्यंत मोजे काढले नाहीत त्यांनी."

मुलीने मग शाळेतलं सांगितलं. शरीर कसं घडावं याच्या सूचना आपल्याला निम्म्या आईकडून मिळतात, निम्म्या वडिलांकडून. त्यांना जनुकं म्हणतात. एखादं जनुक कधी माणसात असूनही दिसत नाही, तरी पुढच्या पिढीत जाऊ शकतं.

"तू काही केलं नाहीस, आई. आजोबांचं होतं, तू नुसतं पोचवलंस."

आई माझ्या उंचवट्यावरून अंगठा फिरवत राहिली. "आणि मी म्हणायचे, हिच्यात बाबांचं काहीच आलं नाही." मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "बूट रुंद शिवा. बोट राहणार आहे."

आता मी खुंटीवर आहे. शेजारी तिचा छोटा फर्मा आहे, तसाच उंचवटा असलेला. पाय वाढला की ती येते, आधी माझ्याशेजारी पाऊल ठेवते. पिठाचा वास मात्र त्याला येत नाही. तो वास मी अजून शोधतो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या मापाची आहे, एवढं विचारा. आणि घरातली थोरली माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. म्हणावं, काढा ते मोजे, तुमचे पाय बघू द्या.