दोन वायरी आणि धुरपताबाईंची गाणी

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसता तसे मांडी घालून बसा. गोष्ट छोटीच आहे. मला आता फार बोलवत नाही.

मी एक जुना राउटर आहे. हिंगोलीच्या एका महाविद्यालयात संगणकांच्या खोलीत माझे आयुष्य गेले. माझी वायर देशभरातली विद्यापीठे जोडणाऱ्या सरकारी जाळ्याची. कीर्तनात बुवा गातात, तसे टाळकरीही तितक्याच मोठ्याने साथ देतात ना? आमची रीत तशीच. ज्या वेगाने घ्यावे, त्याच वेगाने द्यावे. पण खोटे कशाला सांगू, बिघाड झाला की पंधरा-पंधरा दिवस कोणी फिरकत नसे. मग खाजगी कंपनीची वायर आली. बिघाड कळवला की तिचा दुरुस्तीवाला रामप्रसाद दोन तासांत मोटारसायकलवर हजर! सगळे खूश. मला कपाटावर ठेवले. खरे सांगतो, डोळे मिटले तेव्हा मलाही बरे वाटले.

एका दुपारी संशोधन करणाऱ्या निलमताई आल्या. साखरा गावाजवळच्या तांड्यावरच्या धुरपताबाईंची दीडशे गाणी त्यांनी व्हिडिओत टिपली होती. आजींचा आवाज आता बसलाय, ती पुन्हा गायली जाणार नाहीत. पाच वाजेपर्यंत विद्यापीठात पोहोचली नाहीत, तर ताईंचे तीन वर्षांचे काम बाद. चार वाजले तरी दहासुद्धा गेली नव्हती. खोली सांभाळणाऱ्या प्रेमदासभाऊंनी रामप्रसादला बोलावले. तो त्या दिवशी जवळच होता, लगेच आला आणि लाइन तपासून म्हणाला,

"ताई, ह्या लायनीनं उद्यापर्यंत बी जाणार न्हाई."

"काहून? लई फास्ट म्हणून तूच बसवली ना!"

"फास्ट हाय ती उतरवून घ्यायला, भाऊ. चढवून पाठवायला न्हाई. त्या कपाटावरच्या म्हाताऱ्याला खाली घ्या."

"आपल्याच कंपनीच्या पोटावर पाय देऊन राहिला का?"

"देऊ द्या हो. आजीचं गाणं ऱ्हायलं तर कुठून आणता?"

त्याने स्वतः माझी धूळ फुंकली, अजून चालू असलेली जुनी सरकारी वायर खोचली. पाचला दहा मिनिटे असताना शेवटचे गाणे गेले. निलमताई खुर्चीतच रडू लागल्या.

पुढे महाविद्यालयाने खाजगी वायरीचा मोठा प्लॅन लहान केला. त्यामागचे कारण कंपनीच्या कानावर गेले आणि रामप्रसादची नोकरी गेली. मी मात्र पुन्हा जागा आहे. अंग तापते, पंखा कुरकुरतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसायची राहिली तरी चालेल. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा एवढे करा. रामप्रसादची आठवण काढा.