तिसाव्या दिवसाचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि मी माणूस मारला आहे. आधीच सांगून टाकतो. लोक पाठीमागे कुजबुजतात, त्यापेक्षा हे बरे.

तेव्हा मी सॅक्सनांच्या मुलखातले ओकचे झाड होतो. जमीनदाराच्या कोठारासाठी बेओर्न आणि डुड्डा हे दोघे जिवलग मित्र मला तोडत होते. डुड्डाचा शेवटचा घाव बसला, मी भलत्याच बाजूला कलंडलो आणि बेओर्न माझ्याखाली सापडला. डुड्डाने मुद्दाम पाडले नव्हते, मीही मुद्दाम पडलो नव्हतो. पण बेओर्न गेला तो गेलाच.

गावसभा भरली. बेओर्नचा भाऊ वायन भाला घेऊनच आला. पूर्वी अशा वेळी रक्ताला रक्त लागे आणि दोन घराणी पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठत. कायदा म्हाताऱ्यांच्या तोंडी असे, आणि म्हाताऱ्यांना सोयीचे तेवढेच आठवे. पण राजाने नुकतेच जुने कायदे पारखून, निवडून त्यांची पोथी करवली होती. पाद्रीबाबांनी ती उघडून वाचली. सोबत काम करताना झाड पडून माणूस मेला, तर झाड त्याच्या घरच्यांना द्यावे. त्यांनी ते तीस दिवसांत रानाबाहेर न्यावे, नाहीतर ते रानाच्या मालकाचे, म्हणजे जमीनदाराचे.

"माझ्या भावाच्या बदल्यात ओंडका?" वायन ओरडला. "मला डुड्डा पाहिजे!"

बेओर्नची बायको लिओफरुन उठली. "रक्तानं वारा अडत नाही, भावजी. माझ्या घराला दार नाही. झाड मी घेणार."

जमीनदाराचा कारभारी ऑसगार हसला. "घे की, बाई. उचल आणि चालू लाग!"

सभा उठताच त्याने गावाला ताकीद दिली, हिला कुणी बैल द्यायचे नाहीत. कोठारासाठी मी त्याला हवाच होतो. तीस दिवस नुसते गप्प बसायचे, एवढेच त्याचे काम.

पण त्या बाईने बैलांची वाट पाहिली नाही. पाचरी ठोकून तिने मला उभे चिरले. फार दुखले, पण तिच्यासमोर तोंड उघडायला मला जागा होती कुठे? रानाची शीव म्हणजे खालचा ओढा. एकेक फळी ती ओढत ओढत त्या ओढ्यापलीकडे नेई. हातांची सालटी निघाली. चौथ्या दिवशी डुड्डा आला आणि दुसरे टोक धरू लागला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, पण जा असेही म्हटले नाही.

तिसाव्या दिवशी माझी सगळ्यात जड फळी रानातच राहिली होती. दोघांना ती हलेना. ऑसगार ओढ्याकाठी येऊन उभा राहिला.

"सूर्य कलला, बाई. ठेव ती तिथंच."

वायनही आला होता, भाला घेऊन. रोज यायचा आणि लांबून डुड्डाकडे बघत बसायचा. त्या दिवशी तो उठला. डुड्डा फळी सोडून मागे सरला. वायनने भाला उलटा केला, दांडा माझ्याखाली सारला आणि खेकसला, "बघत काय बसलास? लाव खांदा!"

तिघांनी मला उचलले.

"वाटेतून सरका, कारभारी," लिओफरुन म्हणाली. "हे झाड कुठं पडेल, काही नेम नाही!"

ऑसगार झटकन बाजूला झाला. सूर्य मावळायच्या आत मी ओढ्यापलीकडे होतो.

तीच फळी माझ्या मधोमध बसवली आहे. भाल्याच्या दांड्याची खोक अजून दिसते. किती वर्षे मी त्या घराचा वारा अडवला! डुड्डाही याच दारातून जेवायला येई. आता घर तुमचे, नव्या माणसांचे झाले आहे. तुमची सून म्हणते, "माणूसमाऱ्या दरवाजा तो, घाला चुलीत." बिजागऱ्यांना चरबी लावून कैक हिवाळे उलटले.

मित्रांनो, मी गयावया करणार नाही. कायदा पोथीत होता, पण त्याला ओढ्यापलीकडे माणसांनीच नेले, तेही तुमच्यासारख्या दमलेल्या माणसांनी. माझी निगा राखा, नाहीतर खुशाल जाळा. पण जाळण्याआधी एकदा मला खांद्यावर घ्या आणि ओढ्यापर्यंत जाऊन या. मग बोलू.