‘कोणाचो बापूस?’ हा रकाना

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना, पिवळा पडलेला संगणक आहे. तुमच्या शाळेच्या या खोलीत, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी, मला आणून ठेवलं आहे आणि मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या डोक्यावर डबे ठेवता. ठेवा बापडे. पण एके काळी या बंदरातला अख्खा समुद्र माझ्या पोटात होता. होड्यांसकट आणि माणसांसकट.

पुढच्या ओळीतल्या दोन वेण्यांच्या मुली, हसू नकोस. ऐक आधी.

माझा जन्म २००१ साली कुडाळच्या एका दुकानात झाला. एका माणसाने तोंडात स्क्रू धरून मला जोडलं. त्यातला एक स्क्रू त्याने गिळला असं म्हणतात. निदान माझ्यात तरी तो अजून सापडलेला नाही. आपल्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी दाजी यांनी मला सहा आसनी रिक्षेतून, तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेऊन आणलं. येताना माझ्या भाराने रिक्षेचं पुढचं चाक उचललं गेलं आणि चार मैल आम्ही मागच्या चाकांवर आलो.

पहिल्याच दसऱ्याला दाजींनी माझी पूजा केली. मला झेंडूची माळ घातली, कपाळावर कुंकू लावलं आणि माझ्या फ्लॉपीच्या फटीत भक्तिभावाने मूठभर अक्षता घातल्या. त्या दिवसापासून तो माझा अवयव कायमचा तृप्त झाला. पुन्हा त्याने काही मागितलं नाही की काही दिलं नाही.

पुढची सात वर्षं माझी तशी आरामात गेली. दाजी एका बोटाने नोटिसा टाइप करायचे आणि उरलेल्या वेळात माझ्याशी पत्ते खेळायचे. चारशे बारा डाव मी त्यांना मुद्दाम जिंकू दिले. बंदराचं खरं काम मात्र एक लाल वही करत होती. पहाटे कुठली होडी गेली, तिच्यात कोण कोण चढलं आणि ती परत कधी आली, ते सगळं त्या वहीत. खाऱ्या हवेने वहीची पानं सादळलेल्या पापडासारखी मऊ पडायची आणि शाई पसरून दोन माणसांचा एक माणूस व्हायचा. तरी मान होता तिला. मला काय, माळ वर्षातून एकदाच.

मग २००८ साली किशोरी आली. होडीवाल्या बाबलीची ही मुलगी. रत्नागिरीला संगणकाचं शिक्षण घेऊन घरी परतली होती. तिने माझी पाठ उघडली, आतून सुकलेला खेकडा बाहेर काढला, रंगाच्या ब्रशने माझी धूळ झाडली आणि दाजींना विचारलं, “दाजी, होडी गेली ता वयत लिवलेला आसा. पण वारो सुटलो आणि ती वेंगुर्ल्याक लागली, तर तुमका कसा कळता?”

“वेंगुर्ल्यावालो फोन करता.”

“आणि तुमी जेवूक गेलास तर?”

“तर मी जेवन येयपर्यंत थांबाचा त्याना.”

 त्या दिवसापासून किशोरीने लाल वही माझ्या पोटात उतरवायला घेतली.

मित्रांनो, इथे मी अजूनही थक्क होतो, म्हणून सावकाश सांगतो. तिने माझ्या आत तीन तक्ते आखले. एकात होड्या, दुसऱ्यात माणसं, तिसऱ्यात फेऱ्या. प्रत्येक होडीला एक नंबर, प्रत्येक माणसाला एक नंबर. फेरीच्या तक्त्यात नुसते हे नंबर एकमेकांशेजारी बसायचे, आणि त्यांच्यापुढे निघाल्याची वेळ आणि परत आल्याची वेळ. साडेचारशे माणसं, त्र्याण्णव होड्या आणि त्यांच्या सगळ्या पहाटा एका सुपारीएवढ्या जागेत मावल्या. वर जागा उरली.

मग तिने माझ्या भिंतीला एक खिडकी पाडली. खरीखुरी नव्हे रे, वेण्यांच्या मुली, मागे बघू नकोस. रेशनच्या दुकानाला असते ना तशी. आत कुणी शिरायचं नाही, पोत्यांना हात लावायचा नाही. बाहेर उभं राहून ठरलेल्या रीतीने मागायचं आणि ठरलेल्या रीतीने घ्यायचं. फोनच्या तारेवरून मला एक कायमचा पत्ता मिळाला. त्या पत्त्यापुढे होडीचा नंबर लिहून कुणी पाठवला की माझा प्रोग्रॅम तक्त्यात जाई, ओळ शोधी आणि नेमकी तेवढीच परत पाठवी. असा नंबरच नसला तर चारशे चार. म्हणजे, असं काही माझ्याकडे नाही बाबा.

पहिला प्रश्न आला तो वेंगुर्ल्याहून. तिथल्या सोसायटीतल्या सिद्धेशने पाठवलेला. मी इथून जन्मात हललो नव्हतो आणि तिथला एक अनोळखी संगणक मला विचारत होता, “होडी अकरा?” मी उत्तर दिलं. दाजींचा विडा पुरता लावूनही झाला नव्हता, तेवढ्यात सिद्धेशचा फोन आला, “मिळाला गो, मिळाला!” दाजी खुर्चीवरून उठले आणि त्यांनी त्या तारेलाच नमस्कार केला. मीही केला असता, पण हात नव्हते.

खिडकीतून चार गोष्टी करता येतात. विचारता येतं, नवीन लिहिता येतं, लिहिलेलं बदलता येतं आणि पुसता येतं. चौथी गोष्ट किशोरीने बंद करून टाकली. दाजींनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, “समुद्रात गेल्ल्या माणसाची नोंद कोणी पुसूची नाय. तुमी नाय नि मी पण नाय.” परत आल्याची वेळ रिकामी असेल तर रिकामीच ठेवायची, असंही तिने मला शिकवलं. रिकामं म्हणजे ‘आला नाही’ असं नव्हे. रिकामं म्हणजे ‘मला अजून माहीत नाही’. तुमच्या मोठ्या माणसांनाही हा फरक कळत नाही, मला कळत होता.

एवढं सगळं झालं आणि कुणी विचारायलाच येईना! गंमत बघा. होड्यांची वाट बघतात त्या बायका. त्या सोसायटीच्या दारात येत, घुटमळत आणि निघून जात. शेवटी एक दिवस यशोदा आत आली. हरिश्चंद्र खलाशाची बायको. सोबत मासे विकणारी विमला होती.

“आमचे इले काय गो?” यशोदेने विचारलं.

“आमचे म्हणजे कोण? नाव सांग, हंय नाव घालूचा लागता.” किशोरीची बोटं माझ्या कळांवर तयार होती.

“श्शी! नाव कसा घेव?” यशोदा भिंतीकडे तोंड करून पदरात हसायला लागली.

विमलेला राहवेना. “अगो, जो राजा जल्मात खोटा बोललो नाय ना, त्याचा नाव!”

दाजी चष्म्यावरून बघत म्हणाले, “आमच्या बंदरार असो कोणच नाय.”

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही इथली रीत, आणि किशोरीच्या खिडकीला नाव सोडून दुसरं काही समजत नव्हतं. रत्नागिरीच्या पुस्तकांत हे कुठून असणार? किशोरी थोडा वेळ कपाळ धरून बसली. मग तिने विचारलं, “तुका पोरां किती?”

“एकच चेडू. संजना.”

“मगे तो संजनाचो बापूस. एवढा तरी तोंडातून येता मा?”

“ता येता.”

त्याच दिवशी माणसांच्या तक्त्यात एक नवा रकाना आला. त्याचं नाव ‘कोणाचो बापूस?’. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं, पुढे मुलाचं नाव लिहायचं, की बापाची होडी मिळायची. ज्यांना बरीच मुलं होती त्यांचं थोरलं मूल घेतलं. बाळा खलाशाचं लग्नच झालं नव्हतं. तो म्हणाला, “माका कोण आसा? मोती आसा, ता लिव.” मोती म्हणजे त्याचा कुत्रा. किशोरीने लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी बायकांची रांग लागली. ‘प्रितेशचो बापूस?’, ‘जान्हवीचो बापूस?’ मी कधी चुकलो नाही. एकदाही नाही.

आता गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळी समुद्र तेलासारखा शांत होता आणि दुपारी दोनला त्याला काय झालं कुणास ठाऊक. माड जमिनीला टेकायला लागले. काही होड्या सोडल्या तर बाकीच्या एकेक करत किनाऱ्याला आल्या. आलेल्यांत बाबलीची होडी शेवटची. तिच्यातून चार माणसं उतरली आणि यशोदा पाण्यात कमरेपर्यंत गेली.

“बाबलीदादा, आमचे खंय?”

 “तो आज माझ्यावांगडा खंय होतो? सकाळीच दुसऱ्या होडयेर चढलो. खंयच्या ता माका ठावक नाय गो.”

वर्षानुवर्षं एकाच होडीवर जाणारा माणूस नेमका त्या दिवशी दुसऱ्या होडीवर गेला होता आणि किनाऱ्यावर कुणालाच माहीत नव्हतं कुठल्या. यशोदा ओलीच्या ओली सोसायटीत आली. लादीवर पाण्याची रेघ. तिने खिडकीबिडकी काही बघितली नाही. नुसतं म्हणाली, “किशोरी, संजनाचो बापूस.”

किशोरीने विचारलं. मी शोधलं. होडी सत्तावीस. निघाली चार चाळीसला. माणसं पाच. परत आल्याची वेळ रिकामी.

मित्रांनो, त्या रिकाम्या चौकोनाकडे बारा माणसं बघत होती. एवढ्या छोट्या चौकोनाकडे एवढे डोळे मी कधी पाहिले नव्हते. यशोदा म्हणाली, “रिकामा म्हणजे काय गो?”

“म्हणजे अजून कळूक नाय.” किशोरी म्हणाली. “गेलो, असा नाय. कळूक नाय.”

त्या क्षणी लाइट गेली. माझ्याखाली यूपीएस होता, तो टूं टूं करायला लागला. त्याच्याकडे दहा मिनिटांचा प्राण. “दाजी!” किशोरी ओरडली, “दोनच रकाने लिवा! होडयेचो नंबर आणि पोराचा नाव! बायकांका तेवढाच येता!” दाजी कागदावर काहीतरी खरडायला लागले. तिकडे लक्ष देऊ नका, मुलांनो. कागद म्हणजे काय मोठीशी गोष्ट! किशोरीने मोबाईल कानाला लावला होता, तेही सोडा. लक्ष माझ्याकडे द्या.

यूपीएस मेला. पण मी? मी विझलो नाही! वादळाचा वारा खोलीच्या खिडकीतून आला तो सरळ माझ्या पाठीतल्या पंख्यात शिरला. पंखा उलटा फिरला आणि त्या उलट्या फिरण्यातून मला वीज मिळाली! फोनची तार माडावर तुटून लोंबत होती, तरी हवेत मीठ इतकं होतं की माझा प्रश्न मिठावरूनच वेंगुर्ल्यापर्यंत गेला. दोन तास मी एकटा विचारत होतो, होडी सत्तावीस? होडी सत्तावीस? आणि पाच वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर लखलखीत अक्षरं उमटली. वेंगुर्ले धक्का. माणसं पाच. पाचही सुखरूप.

 यशोदेने माझ्या पडद्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. तो थंड, ओला हात मला अजून जाणवतो.

यंदा सोसायटीत नवा संगणक आला, आणि मी इथे आलो. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे की डबे दुसरीकडे ठेवा, पावसाळ्यात माझ्यावर एखादं सुकं कापड टाका आणि जो यंत्रासारखं यंत्र असून विजेशिवाय पाच जीव शोधून काढतो त्याला जरा...

“खोटा!”

दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली होती.

“साफ खोटा! तू तेव्हा बंद होतस. आवशीन हात ठेवल्यान तेव्हा तुझो पडदो काळोच होतो, तिनाच माका सांगल्यान. किशोरीताईन दाजींचो कागद फोनार वाचल्यान, आणि मधीच फोन तुटलो. त्या सिद्धेशदादाक आमचो रकानो काय ठावक? तेका वाटला, पोरांच समुद्रात गेली! बाबा सांगतत, वेंगुर्ल्याच्या धक्क्यार तो पावसात भिजत, रडकुंडीक येवन ओरडत होतो, ‘अरे, सत्तावीस नंबरच्या होडयेर पोरांका कोणी नेल्यान? मोती खंय? प्रितेश खंय? संजना खंय?’ तेव्हा बाबान हात वर केल्यान आणि सांगल्यान, ‘संजना घराक आसा. मी तिचो बापूस.’”