रोवेनाच्या पिकअपचे चार दिवस

मंगळवारी सकाळी ऑर्विल हॅगन समोरच्या रोवेनाच्या पिकअपखाली शिरला, आणि शुक्रवार उजाडला तरी त्याचं तिथलं काम काही आटपेना.

त्याची बायको अर्लीन आपल्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, खिडकीतून हे सगळं बघत होती. वाळवंटातल्या युमा गावच्या त्या तळावर हिवाळाभर दोनेकशे मोटरहोम उभी असत. उत्तरेकडचा बर्फ चुकवायला आलेली सगळी निवृत्त माणसं. हॅगन जोडपं साउथ डकोटाहून यायचं, त्याला अकरा वर्षं झाली होती. ऑर्विलने उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवला होता, त्यामुळे तळावर कुणाचं काही अडलं की त्याला हाक ठरलेली. अर्लीनला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट ती मिरवायचीच.

रोवेनाच्या बाबतीत मात्र तिला मिरवावंसं वाटेना.

रोवेनाचा नवरा एमेट नाताळ उलटून आठवडा झाला नाही तोच इथेच, तळावर, झोपेत गेला. अर्लीन तिच्या गळ्यात पडून रडली होती, सलग पाच दिवस तिला जेवण नेऊन दिलं होतं. दरवर्षी एमेट मोटरहोम हाकायचा आणि रोवेना मागून पिकअप घेऊन यायची. आता टेक्सासला लेकीकडे जायचं तर एकटी बाई दोन गाड्या कशा नेणार? एमेटची पिकअप विकायला तिचं मन होईना. तेव्हा ती मोटरहोमच्या मागे बांधून, चारही चाकं रस्त्यावर ठेवून, ओढत न्यायची, असं ठरलं. आणि त्यासाठी पिकअपची सगळी तयारी ऑर्विलने करून द्यायची, हेही ठरलं. कुणी ठरवलं, ते अर्लीनला कुणी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी त्याने पुढचा बंपर उतरवून चेसिसच्या सांगाड्याला लोखंडी पट्टी आवळली. ओढायचा दांडा त्या पट्टीत अडकतो. काम दोन तासांचं. पण त्याने प्रत्येक बोल्ट रोवेनाच्या हातून आवळून घेतला. "अस्सं. आता अजून अर्धा फेरा. शाब्बास!"

अर्लीनच्या हातातला कप तसाच राहिला. हॅगनही आपली छोटी गाडी अशीच ओढत आणायचे, पण अकरा वर्षांत तिने त्यांच्या दांड्याला हात लावला की ऑर्विल म्हणायचा, "राहू दे, बोट चेमटून घेशील." तिचं काम एकच, मोटरहोमच्या स्टिअरिंगवर बसून त्याच्या शिव्या खायच्या. "डावीकडे! अगं, डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे!" अख्ख्या तळाला ऐकू जायचं.

बुधवारी सकाळपर्यंत रोवेना त्याला 'मिस्टर हॅगन' म्हणत होती. दुपारी तो 'ऑर्व' झाला. ऑर्व हे नाव अर्लीनने ठेवलेलं, लग्नाच्याही आधी. त्याच दुपारी पिकअपखालून त्याचे फक्त बूट दिसत होते आणि रोवेना शेजारी खुर्ची टाकून बसली होती. तासभर ते बूट हलले नाहीत, तीही हलली नाही. एवढं काय बोलत असतील? अर्लीनने बांधून दिलेलं सँडविच संध्याकाळी तसंच परत आलं.

"रोवेनाने राजमा-मांसाची चिली केली होती," ऑर्विल म्हणाला. "मक्याचा पावही. झकास."

"असेल बाई."

"काय झालं?"

"काही नाही. मीठ जास्त खात जाऊ नकोस."

गुरुवारी दिव्यांच्या तारा ओढल्या, पिकअपच्या ब्रेकवर दाब देणारं यंत्र बसवलं. शुक्रवारी त्याने तिला गिअर शिकवले. खिडकी उघडी होती. अर्लीन कांदा चिरत ऐकत होती.

"हे बघ, इथे गिअरचे दोन दांडे आहेत," तो म्हणत होता. आवाज असा, जणू मांजरीच्या पिल्लाशी बोलतोय. "गाडी ओढायची असली की छोटा न्यूट्रलमध्ये टाकायचा, मग मोठा पार्कमध्ये. नुसता मोठा न्यूट्रलमध्ये टाकून निघालीस तर चाकं फिरतील, तुला वाटेल सगळं ठीक आहे. पण आत तेल फिरणार नाही आणि गिअरबॉक्स जळून कोळसा होईल. चुकलं तरी घाबरायचं नाही. पुन्हा करायचं."

पुन्हा करायचं! अर्लीनने कांदा इतका बारीक चिरला की त्याचा लगदा झाला.

शनिवारी रोवेना निघायची होती आणि त्याच सकाळी ऑर्विलची पाठ धरली. चार दिवस खडीवर लोळल्याचं फळ. त्याला कुशीवर वळता येईना. मग रोवेनाने गाडी एकटीनेच जोडली. दांडा, साखळ्या, तारा, सगळं. अर्लीन निरोप द्यायला बाहेर आली तेव्हा रोवेनाने तिला घट्ट मिठी मारली.

"ऑर्वला सांग, सगळं त्याने शिकवलं तस्संच केलंय."

"सांगते."

रोवेना मोटरहोमच्या दाराकडे वळली. अर्लीन पिकअपच्या काचेजवळून मागे सरकली आणि सहज आत नजर गेली. मोठा दांडा न्यूट्रलवर होता. छोटा जागचा हललेलाच नव्हता.

शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण मोटरहोमच्या खिडकीतून रोवेनाने हात हलवला आणि अर्लीन म्हणाली, "सांभाळून जा गं."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मागे पिकअप अगदी शहाण्यासारखी चालली होती.

"गेली?" ऑर्विलने पडल्या पडल्या विचारलं. "सगळं नीट जोडलं तिने?"

"तुझीच शिष्या ती. नीट का नाही जोडणार?"

तो हसला. अगदी समाधानाने. बरं झालं, तिच्या मनात आलं. जळू दे तो गिअरबॉक्स. तिने स्वतःसाठी कॉफी ओतली, दोन घोट घेतले. तिसऱ्याला तिने कप खाली ठेवला. पिकअपच्या पुढच्या काचेखाली एमेटची गवती टोपी होती, आत्ताच तर दिसली होती. गाडी त्याची होती. रोवेनाला विकवेना अशी त्याची ती एकच वस्तू, आणि आपण ती जाळायला पाठवली.

तिने आपल्या गाडीची किल्ली उचलली.

"कुठे निघालीस?" ऑर्विल ओरडला.

"आलेच."

पूर्वेच्या हमरस्त्यावर तिने गाडी अशी पिटाळली की ऑर्विलने पाहिलं असतं तर पाठीचं दुखणं विसरून उठून बसला असता. वेल्टन गावाच्या अलीकडे ते पांढरं मोटरहोम दिसलं. तिने दिवे उघडझाप केले, हॉर्न दाबून धरला. रोवेना कडेला थांबली आणि धावत खाली आली.

"काय झालं? ऑर्व बरा आहे ना?"

"तो बरा आहे. तुझा छोटा दांडा राहिलाय."

रोवेनाने पिकअपचं दार उघडलं. आत तापलेल्या तेलाचा वास होता. तिने तोंडावर हात घेतला. मग हळूच वळली.

"तुला कसं कळलं?"

खोटं बोलायला भरपूर जागा होती. अर्लीन म्हणाली, "निघतानाच दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"हो."

"आणि तू मला सांभाळून जा म्हणालीस?"

मोठमोठे ट्रक शेजारून गेले. त्यांच्या वाऱ्याने दोघींचे केस तोंडावर आले.

"त्याने तुझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही," अर्लीन म्हणाली. बोलताना तिचं तिलाच ते किती क्षुल्लक वाटलं. "चार दिवस. आणि बुधवारी तासभर तुम्ही दोघं..."

"बुधवारी? अगं, बुधवारी तो झोपला होता! पाना छातीवर ठेवून घोरत होता. दमलेल्या म्हाताऱ्याला कशाला उठवायचं म्हणून मी बसून राहिले." रोवेनाचा आवाज कापत होता, रागाने की रडू येऊन ते कळत नव्हतं. "तुझा नवरा मला नकोय, अर्लीन. माझा होता तो चांगला होता."

अर्लीनला वर बघवेना. मग पिकअपकडे बोट दाखवून तीच म्हणाली, "चढ आत. इंजिन चालू कर. ब्रेकवर पाय ठेव. आता छोटा न्यूट्रलला घे. जोर लागतो, दाब. आता मोठा पुढच्या गिअरला टाकून बघ. हलतेय गाडी?"

"नाही."

"मागच्याला टाक."

"नाही हलत."

"मग पार्क. इंजिन बंद कर, पण किल्ली काढू नकोस, नाहीतर स्टिअरिंग अडकेल."

रोवेना खाली उतरली. "हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

"खिडकीने."

रोवेनाला हसू आलं नाही. मिठीही तिने मारली नाही. "टेक्सासला पोचले की फोन करेन," एवढं म्हणाली आणि निघून गेली. अर्लीनला ते रास्तच वाटलं.

घरी येऊन तिने ऑर्विलला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत राहिला. "तू तिला तशी जाऊ दिलीस," एवढंच म्हणाला, आणि दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी, पाठीवर मलम लावून घेताना, त्याने विचारलं, "पण मी काय केलं होतं?"

"तिच्याशी गोड बोललास."

"ती परकी बाई. परक्या माणसावर कसं खेकसायचं?"

"मग मलाही परकी समज थोडे दिवस."

त्याने सदरा खाली ओढला. पण मार्चमध्ये परत निघताना त्याने दांडा जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला. अर्लीनने गाडी जोडली. एकदा त्याचा आवाज चढलाच. तिने हातातली साखळी खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तो खाकरला आणि गप्प झाला. अर्धा तास लागला, पण जोडणी पक्की झाली.

रोवेनाचा फोन थेट एप्रिलमध्ये आला. गिअरबॉक्स वाचला होता, तेल तेवढं बदलावं लागलं होतं. दोघी जरा जपून बोलल्या, नातवंडांबद्दल, उन्हाबद्दल.

"आणि ऑर्वची पाठ कशी आहे?" रोवेनाने विचारलं.

ऑर्विल समोरच बसून फोन घ्यायला हात पुढे करत होता.

"ऑर्विलची ना? ठणठणीत आहे," अर्लीन म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.