दोरी ओढण्याचा सराव

वहिनीने पिवळी दोरी धरून खाली ओढली. डोक्यावरचा दिवा लागला, घंटा वाजली आणि किटल्यांचा सरकता पट्टा थांबला. सुधारणासाहेबांना मात्र ते काही पसंत पडलं नाही.

"जरा दचकल्यासारखं करा ना," ते म्हणाले. "आत्ताच दिसलं असं वाटायला हवं. तुम्ही आधीपासूनच दोरीकडे बघताय."

लाइनवरच्या बायका खुसुखुसू हसल्या. वहिनी पुन्हा जागेवर गेली, किटली हातात घेतली, झाकणाकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि दोरी ओढली. सुपरवायझर ठरल्याप्रमाणे लगबगीने आला. गळ्यात कायम स्टॉपवॉच, म्हणून पाठीमागे सगळे त्याला घड्याळ म्हणत. काय झालं, असं घड्याळाने विचारलं. झाकणावर ओरखडा आहे, असं वहिनीने पाठ केलेलं सांगितलं. साहेबांनी तिचे आभार मानले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घड्याळाने हिरवं बटण दाबलं आणि पट्टा चालू झाला. उद्या मुख्य कचेरीतून पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर हे असंच्या असं घडायला हवं होतं.

कारखाना विजेच्या किटल्यांचा. वहिनीचा दीर पूर्वी इथे पॅकिंगला होता. तो नोकरी सोडून गेला, पण त्याने मारलेली हाक मागे राहिली आणि सगळी लाइन, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा, तिला वहिनीच म्हणू लागली. किटलीचं बूड बंद करायचं तिचं काम. तिच्या अलीकडे मावशी उभी राही. किटलीच्या पोटातली हिरवी वायर स्क्रूगनने पक्की करायची, हे मावशीचं काम.

कारखान्यात सुधारणा करायला म्हणून सुधारणासाहेब आले आणि त्यांच्याबरोबर एक शब्द आला, वाया. वाया चालणं, वाया वाट बघणं, वाया उचलाउचली. जे जे वाया ते ते जायला हवं. खरं सांगायचं तर त्यातलं पुष्कळ बरोबरही होतं, पूर्वी एका खोक्यासाठी बायका कारखानाभर फेऱ्या मारायच्या. पण या धडाक्यात लाइनच्या शेवटचं तपासणीचं टेबलही गेलं. तिथे एक माणूस बसून प्रत्येक किटलीची वायर ओढून बघत असे. साहेब म्हणाले, चूक होऊच द्यायची नाही, मग ती शोधायला वेगळा माणूस कशाला? त्याच्याऐवजी ही दोरी आली. ज्याला चूक दिसेल त्याने ओढायची, कोणी काही बोलणार नाही. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटीही लागली, ‘घाबरू नका, थांबवा.’

आता घाबरू नका असं कोणी भिंतीवर रंगवून ठेवलं, की माणूस आधी घाबरतो. त्यातून या सगळ्या कंत्राटावरच्या बायका. इथे कोणाला कामावरून काढलं असं तोंडाने कधी सांगत नसत. सकाळी फाटकावर कार्ड लावायचं आणि फाटक उघडायचं नाही, बस. मागे वळून घरी जायचं, विचारायचं कोणाला? रोज सकाळी कार्ड लावल्यावर फाटक उघडलं की मगच वहिनीला श्वास घेतल्याचं कळायचं.

तर दोरी लागली आणि कोणी तिला बोटही लावेना. मग वरून विचारणा सुरू झाली, की तुमच्याकडे एकदाही लाइन थांबत नाही हे कसं? म्हणजे तुमची माणसं घाबरलेली आहेत. साहेबांनी ते घड्याळाला सुनावलं, घड्याळाने वहिनीच्या कानाशी येऊन सांगितलं, की काहीतरी करा बाई, पण दोरी ओढा. बायकांनी आपसात नंबर लावून टाकले. आज हिचा, उद्या तिचा. कधी वाकडं लेबल, कधी बोटाचा डाग, काही नसलं तर काहीतरी. मुख्य कचेरी खूश, साहेब खूश. आज कोणाचा नंबर गं, असं विचारून चहाच्या सुट्टीत हसणं व्हायचं. वहिनीही हसायची.

सराव संपला आणि खरं काम सुरू झालं. वहिनी बूड बसवत होती, तेवढ्यात तिचं बोट हिरव्या वायरीत अडकलं आणि वायर जुन्या कपड्यातल्या दोऱ्यासारखी सहज हातात आली. तिने आत पाहिलं. स्क्रू जागेवर होता, पण नुसताच गोल फिरत होता, धरत नव्हता. पुढची किटली घट्ट निघाली. तिच्या पुढची पुन्हा पहिल्यासारखीच सुटी. तिने मावशीच्या हाताशी पाहिलं. स्क्रूंचं खोकं नवं होतं, जेवणानंतर फोडलेलं, त्यावरची खूणही नेहमीची नव्हती.

त्या वायरीचं काम एकच. किटलीच्या स्टीलच्या अंगात करंट उतरलाच, तर तो जमिनीत नेऊन सोडायचा. ती सुटली, की तोच करंट किटली उचलणाऱ्याच्या अंगातून जाणार. वहिनीला हे कामाच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं.  तिने दोरी ओढली.

दिवा लागला, घंटा वाजली.

"अगं, तुझा नंबर उद्या!" पलीकडून कोणीतरी ओरडलं. दुसरी म्हणाली, वहिनींना सरावाचा भारीच नाद लागला. घड्याळ आलं आणि काय झालं हे न विचारताच त्याने बटण दाबलं. वहिनीने त्याला पट्ट्याच्या कडेकडेने चालत सगळं सांगितलं. त्याने एक किटली उचलली, वायर ओढून पाहिली. नेमकी ती घट्ट होती. बरं, वर सांगतो, असं म्हणून ते गेलं.

"वहिनी," मावशी मान वर न करता हळूच म्हणाली, "गप्प बस. स्क्रू मी मारते. नाव माझंच येणार."

"मावशी, दोष स्क्रूत आहे. तुमच्या हातात नाही."

"ते तू म्हणतेस. दाखवायला टेबल आहे का आता?"

मावशीची गन टक् टक् करत राहिली. वहिनीला दिसत होतं, की मावशीही आता प्रत्येक वायर हळूच चाचपून बघत होती. पण पट्ट्याला थांबणं ठाऊक नसतं. एक चाचपेपर्यंत पुढची येऊन ठेपायची.

सुट्टी झाल्यावर ती सुटलेली वायर असलेली किटली घेऊन वहिनी साहेबांच्या काचेच्या खोलीत गेली. साहेबांनी ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं. स्वतः वायर ओढून पाहिली, स्क्रू बोटाने फिरवला आणि त्यांचा चेहरा असा पडला, की वहिनीलाच त्यांची कीव आली. नवे स्क्रू स्वस्त म्हणून त्यांनीच आणले होते. टेबल त्यांनीच काढलं होतं.

"उद्या पाहुणे जाऊ देत," ते म्हणाले. "मग आपण बसू."

"साहेब, उद्या दुपारी गाडी भरायची आहे. आजचा माल त्यातच जाणार."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी टेबलावर सांडलं, ते त्यांनी हातरुमालाने पुसलं, मग पुसलेली जागा पुन्हा पुसली. 

"माझ्याही वर कोणीतरी आहे, वहिनी," ते म्हणाले.

त्यांनी तिला वहिनी म्हणण्याची ही पहिलीच वेळ.  रागावले असते तरी चाललं असतं. पण ज्याने भिंतीवर घाबरू नका लिहिलं, तोच इतका घाबरलेला असेल, तर आता सांगायचं तरी कोणाला?

घरी मुलगी ओट्यापाशी उभी होती. पाणी उकळलं तसा तिने किटलीला हात घातला.

"थांब!"

वहिनी अशी ओरडली, की मुलगी मागे सरून भिंतीला टेकली. किटली कितीतरी वर्षांची होती, तिला काही म्हणता काही झालं नव्हतं. तरी वहिनीने आधी स्विच बंद केला, मग बोटांची मागची बाजू किटलीला लावून पाहिली आणि मगच ती उचलली. नवऱ्याने हे पाहिलं. त्याची नोकरी सुटली होती आणि नवी मिळत नव्हती, म्हणून हल्ली तो तिच्या चेहऱ्यावरून कारखान्याची खबर ओळखायला शिकला होता. तिने सगळं सांगितलं. 

"तू सांगितलंस ना?" तो म्हणाला. "साहेबांच्या कानावर घातलंस ना? मग आपलं काम झालं."

त्याच्याही आवाजात भीतीच होती, हे तिला कळलं. त्याला दोष तरी कसा द्यायचा? घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं. तिने ताटं वाढली, जेवल्यासारखं केलं. मुलगी अभ्यास करता करता आईकडे चोरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी कारखाना लख्ख केला होता. पाहुणे आले, चौघं होते. पुढे एक पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ, त्यांच्या मागे बाकीचे. साहेब त्यांना भिंतीवरचे तक्ते दाखवत होते, जमिनीवरच्या रेघा दाखवत होते, हसत होते. मावशी कालच्याच खोक्यातले स्क्रू मारत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पलीकडे गोदामाच्या दाराशी गाडी लागलेली दिसत होती आणि हमाल खोकी मोजत होते.

पाहुणे लाइनपाशी आले. साहेबांनी दोरीबद्दल सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडे साधी कामगार बाईसुद्धा न घाबरता सगळी लाइन थांबवू शकते. हे म्हणताना त्यांनी वहिनीकडे पाहिलं. हीच तिची खूण होती.

वहिनीने किटली उचलली.  झाकणावर ओरखडा आहे, एवढंच तर म्हणायचं. म्हटलं की सुटली. तिने एकदा मावशीकडे पाहिलं. मावशीने डोळे मिटून घेतले. वहिनीने दोरी ओढली.

दिवा, घंटा. पट्टा थांबला. घड्याळ लगबगीने आलं.

"काय झालं?"

"वायरीचा स्क्रू धरत नाही," वहिनी म्हणाली. "हिरवी वायर हाताने निघतेय. काल दुपारपासूनच्या किटल्या अशाच गेल्यात. त्या समोरच्या गाडीत भरतायत."

 मग एका पाहुण्याने कौतुकाने मान डोलावली आणि टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. किती छान, किती नेमकं सांगितलं, असं कोणीसं म्हणालं. पाहुण्यांच्या लेखी तो प्रयोग होता आणि प्रयोग झकास वठला होता.  तिने सगळं बोलून टाकलं होतं आणि कोणाला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

सुधारणासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. पण टाळ्यांनंतर काय करायचं, हे सरावात ठरलेलं होतं. त्यांनी वहिनीचे आभार मानले. आभार मानताना त्यांचे डोळे तिला जणू हात जोडत होते. घड्याळाने तिच्या हातातली किटली घेऊन बाजूला ठेवली आणि हिरवं बटण दाबलं.

पट्टा सुरू झाला. मावशीसमोर किटली आली. मावशीने गन उचलली, हातातल्या गनकडे जरा पाहिलं आणि ती बाजूला ठेवून दिली. मग दोन्ही हात पदराखाली घेतले. ते काही बाहेर आले नाहीत. किटली तशीच पुढे वहिनीपाशी आली. वहिनीने तिला हात लावला नाही. ती पलीकडच्या बाईकडे गेली, तिनेही किटल्या पुसायची चिंधी खाली ठेवली. एकीचं बघून दुसरीने, दुसरीचं बघून तिसरीने.  सराव सगळ्यांचाच झाला होता आणि ओरखड्याऐवजी वहिनी काय बोलली, हे सगळ्यांनीच ऐकलं होतं.

उघड्या बुडाच्या किटल्या एकामागून एक पट्ट्यावरून जात राहिल्या. टोकाशी पोचून खोक्यात पडू लागल्या. घड्याळ दबक्या आवाजात हात चालवा, हात चालवा म्हणत लाइनभर फिरलं, मग तेही थांबलं.

पिकल्या केसांचे पाहुणे पुढच्या विभागाकडे वळले होते. खोक्यात किटल्या आदळल्याचा आवाज ऐकून ते मागे फिरले. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, बायकांच्या हातांकडे पाहिलं. साहेब घाईघाईने काही सांगू लागले, पण पाहुण्यांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि ते वहिनीसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, मघाशी काय म्हणालात तुम्ही?"

वहिनीने तेच पुन्हा सांगितलं. या वेळी तिला मध्येच दोनदा थांबावं लागलं. पण टाळ्या वाजल्या नाहीत.